टेबलावरचं घोंगडं

आमच्या घरात देव्हाऱ्याइतकाच मान एका खड्ड्याला होता. ओसरीच्या उजव्या अंगाला, कमरेइतका खोल, कडा सारवून गुळगुळीत केलेला. त्यात पाय सोडून बा बसायचा आणि समोरच्या मागावर घोंगडी विणायचा. लहानपणी बा मला बहुतेक वेळ कमरेपासून वरचाच दिसे. जेवायला म्हणून तो वर आला की एवढा मोठा माणूस आतापर्यंत कुठे मावला होता, असं वाटायचं. चुलत भावंडं लपाछपी खेळायला आली तर त्या खड्ड्यात लपायची बंदी असे. एकदा कुणीतरी त्यात थुंकलं, तेव्हा एरवी कुणाला अरे न म्हणणारा बा हातातली फळी घेऊन त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेला होता. माग म्हणजे लक्ष्मी, असं त्याचं म्हणणं. लक्ष्मी आमच्याकडे फारशी कधी थांबली नाही, पण तिची बसायची जागा आम्ही कायम झाडून-सारवून ठेवली होती.

आमचं गाव गोरेगावपासून चालत जाण्याइतकं जवळ. बाजार तिथला, माझी शाळा तिथली, आणि सेनगावला नाही तर हिंगोलीला जायचं तर जीपही तिथूनच. घरात सकाळी पहिला आवाज कोंबड्याचा नसायचा, धनुकलीचा असायचा. तिच्या ताणलेल्या तातीवर लोकर पिंजताना टण्ण टण्ण असा नाद निघे आणि पाठोपाठ घरभर बारीक तंतू उडत. ते दह्यात सापडत, भाकरीत सापडत, पापण्यांवर बसत. माय पीठ मळायला बसली की परातीवर जुन्या लुगड्याचा आडोसा धरून मला उभं राहावं लागे. तरीही घास घेताना एखादा केस जिभेला लागायचाच. बाहेरून आलेला पाहुणा तो दोन बोटांनी काढून चोरून जमिनीला पुसायचा. आम्ही मात्र गिळून मोकळे होत असू. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा जेवताना भाकरी इतकी स्वच्छ लागली की मला ती अळणी वाटली होती.

लोकर मेंढरंवाल्यांकडून यायची. मेंढरं कातरली की काळ्या, तपकिरी लोकरीची गाठोडी घेऊन ते दारात उतरायचे. त्यातली काटे-कुसळं मायनं निवडायची, बानं पिंजायची, मायनं चरख्यावर सूत काढायचं, बानं विणायचं. शिवाय उभ्या सुताला खळ लागे, ती चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफलं पाखडायची, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायचे. हे सगळं माय करायची. खळ उडून तिच्या मनगटांवर कायम चट्टे असत आणि सूत ओढून ओढून उजवा अंगठा एका बाजूला वळला होता. आम्हाला तो अंगठा तसाच असतो असं वाटायचं. चिंचोक्यांसाठी चिंच घ्यावी लागे, आणि चिंच घरात आली की टाकायची कशी? मग आमटीत चिंच, अंबाडीच्या भाजीत चिंच, गूळ घालून नुसत्या चिंचेचं सार. शेजारच्या काकू म्हणायच्या, "ह्या घरात बारा महिने डोहाळे हायेत बाई."

खळ लावायचा दिवस म्हणजे सणच. गल्लीत खुंट रोवून उभं सूत ताणायचं, आणि बानं भला मोठा कुंचा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खळ ओढत न्यायची. तेवढा वेळ गल्ली बंद. बैलगाडी आली तर गाडीवान निमूट खाली उतरून तंबाखू मळत बसे. माझं काम शेळ्या हाकलायचं. चिंचोक्याच्या वासानं त्या हपापून यायच्या आणि मी काठी घेऊन त्यांच्यामागे पळत असे. बा कुंच्यामागून चालताना ताठ असायचा. खड्ड्याबाहेरचा, उभा, सगळ्या गल्लीला थांबवून धरणारा बा मला फार आवडायचा. एरवी तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता, आणि त्याला कुणी काही विचारतही नसे.

मी वरच्या वर्गांत गेले तोवर घोंगड्यांचं गिऱ्हाईक आटलं होतं. बाजारात फुलाफुलांचे ब्लँकेट आले होते, मऊ, हलके आणि स्वस्त. घोंगडी आता देवाच्या जागरणापुरती, नाही तर एखाद्या म्हाताऱ्याला अंगावर तेच पाहिजे म्हणून. त्यात बाचा खोकला. सुरुवातीला तो धनुकलीच्या वेळेपुरता होता, मग विणतानाही यायला लागला, मग जेवताना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की ही धूळ बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. बा औषध घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टण्ण टण्ण चालू.

मायनं मात्र ते डोक्यात ठेवलं. ती बडबडी बाई नव्हती, पण एकदा मनात घेतलं की आतल्या आत चालत राहायची. आमच्या शाळेच्या वसतिगृहाला राखणदार पाहिजे होता. मायनं हे माझ्याच तोंडून ऐकलं आणि मला न सांगता गोरेगावच्या बाजारात आमच्या इंग्रजीच्या खिल्लारे सरांना गाठलं. सर शाळा चालवणाऱ्या संस्थेत सगळ्यांच्या विश्वासातले. बसून करायचं काम, महिन्याला पगार, आणि मुख्य म्हणजे लोकर नाही. बाला तिनं कसं पटवलं ते मला माहीत नाही. पण त्या उन्हाळ्यात बानं एक दिवस माग उतरवला, लाकडं भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "बुजवू मंग." दुसऱ्या दिवशी गाडीभर मुरूम येऊन दाराशी पडला. रविवारी सर येऊन बाचा होकार घेणार आणि त्यानंतर खड्डा बुजवायचा, असं ठरलं. त्या आठवड्यात माय चुलीपुढे गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता सरांबद्दल. ते सेनगावहून जीपनं यायचे. स्वतःही हालातून शिकलेले, बुद्ध वंदनेच्या पुस्तकाशेजारी जाडजूड शब्दकोश ठेवणारे. त्यांना एक नाद होता. धडा शिकवताना मधेच पुस्तक मिटायचं आणि एखाद्या शब्दाची कुळकथा सांगायची. इंग्रजी भाषेचं निम्मं घर फ्रेंचांच्या सामानानं भरलंय, असं ते म्हणत. त्या रविवारच्या थोडं आधी वर्गात 'ब्युरो' हा शब्द आला होता. वर्तमानपत्रात बातमीच्या वर छापलेला आम्ही पाहिलेला. सर म्हणाले, ह्याचं मूळ एका जाड्याभरड्या लोकरी कापडात आहे. फ्रेंच लोक तसल्या काळपट तपकिरी कापडाला 'ब्यूर' म्हणत. लिहायच्या टेबलावर ते अंथरायचे, म्हणून त्याचं नाव टेबलाला लागलं. टेबलाचं नाव खोलीला लागलं, खोलीचं कचेरीला. नाव असं चढत चढत सरकारदरबारी जाऊन बसलं. मग ते म्हणाले, "पण पोरांनो, तोवर टेबलावरचं कापड कधीच गेलं होतं. ते विणणारे कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. नाव राहिलं, माल गेला. म्हणून म्हणतो, जुनं कवटाळून बसू नका, शिका." सगळा वर्ग माझ्याकडे पाहून हसला, कारण माझ्या दप्तराची पिशवी घोंगडीच्या तुकड्याची होती. मी हसले नाही. घरीही काही बोलले नाही.

रविवारी सर आले. बानं जावळाचं घोंगडं अंथरलं. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर, मऊ आणि महाग, ती फक्त पाहुण्यांसाठी. बा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता, अगदी साहेबापुढे बसावं तसा. माय आत चुलीवर चहा ठेवून दाराआडून ऐकत होती, मी तिच्याशेजारी. सर पगाराचं बोलले, कामाचं बोलले. बा नुसती मान हलवत होता. "व्हय... बराबर हाये... तुमी म्हंता तसं." त्याचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या लाकडांकडे जात होतं. सरांनाही ते दिसलं असावं. त्यांनी खालच्या घोंगड्यावरून हात फिरवला.

"मामा, तुमच्या ह्या मालाची एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. आणि तीच गोष्ट सांगायला लागले.

बा आधी ऐकत नव्हता. मग त्यानं मान वर केली. "साहेब लोकायच्या टेबलावर?"

"हो. तिकडं, फ्रान्स देशात."

"घोंगडं?"

"असंच. जाड, लोकरीचं."

"आन त्याचं नाव हापिसाला?"

"हापिसाला. हिंगोली-मुंबईचं सोडा, दिल्लीतल्या मोठ्या मोठ्या कचेऱ्यांच्या पाटीवर तेच नाव आहे."

बानं पाठ ताठ केली. कुंच्यामागून चालतानाचा तो बा बसल्या जागी परत आला. डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. मी त्याला तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या बापाला असं काही मिळावं आणि ते माझ्या सरांच्या तोंडून मिळावं, ह्याचा मला फार अभिमान वाटला. एवढ्यात सर घसा खाकरून म्हणाले, "पण मामा, खरी गोष्ट तर पुढंच आहे."

पुढची गोष्ट मला माहीत होती. सर ती कशासाठी सांगणार तेही मला कळलं होतं. नाव राहिलं, माल गेला, तेव्हा तुम्हीही उठा, असं ते मायेनं आणि बाच्या भल्यासाठीच म्हणणार होते. मी चुलीवरचं चहाचं भांडं मायच्या हातातून घेतलं, दिसेल त्या कपात ओतलं आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. "सर, चहा घ्या." चहा पांढराफटक होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, कप घेतला, एक घोट घेतला आणि सभ्य माणसासारखे "छान झालाय" म्हणाले. तेवढ्यात बा उठला होता. आतून तो लोकरीची गाठोडी ओढून आणत होता, ही कोणत्या मेंढीची, ही कशी पिंजायची, टेबलावर टाकायची तर वीण किती घट्ट पाहिजे, असं सगळं सांगत होता. खोकत होता आणि सांगत होता. सरांनी एकदोनदा "तर मामा..." करून पाहिलं. बाहेर त्यांना न्यायला आलेल्या जीपचा हॉर्न वाजला, ते उठले.

"गुर्जी, त्या कामाचं न्हाई जमायचं," बा दारातून म्हणाला. "एवढं मोठं नाव हाये आपल्या धंद्याचं. म्या काहून बुजवू?"

माय चुलीपाशी गेली आणि तिनं दुधाचं भांडं घासायला घेतलं. सोमवारी सरांनी मला वर्गाबाहेर बोलावून घेतलं. बाचा नकार कायम आहे का, विचारलं. मी हो म्हणाले. ते म्हणाले, "माझंच चुकलं. अर्धी गोष्ट वाईट असते. उरलेली तू घरी सांग, तुझं ऐकतील." मी "हो सर" म्हणाले, आणि सांगितली नाही. त्या जागेवर दुसरा माणूस लागला. दाराशी पडलेला मुरूम पावसात पसरला, त्याचं अंगण झालं.

बानं माग पुन्हा लावला आणि टेबलाच्या मापाची घोंगडी विणायला सुरुवात केली. ती पिशवीत घालून तो जीपनं सेनगावला जायचा, हिंगोलीला जायचा, कचेरीत शिरायचा. "साहेब, तुमच्या हापिसाचं नाव आमच्या मालावरून पडलेलं हाये," असं सांगायचा. कुणी हसायचं, कुणी बसवून पाणी पाजायचं, कुणी एखादं घ्यायचंही. घरी आल्यावर तो कुणी कुणी घेतलं तेवढंच सांगे. पुढे मला हिंगोलीत एका कचेरीत नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात पाणी प्यायला गेले तर माठाखाली घडी घालून ठेवलेलं घोंगडं दिसलं. वीण बाची होती. ओलं होतं, कडेला शेवाळ धरलं होतं. मी पाणी न पिता परत आले. घरी बानं विचारलं, "तुज्या हापिसात टेबलावर काय हाये?" माझ्या टेबलावर काच होती. मी म्हटलं, "आहे बा, आपल्यासारखंच काहीतरी आहे." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण सोनूबाईच्या बापाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

बा त्यानंतर बरीच वर्षं विणत राहिला. शेवटी शेवटी विणीचे चार हात टाकले की खड्ड्याच्या काठाला डोकं टेकून श्वास गोळा करायचा. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ह्यांना कुणी थांबवलं नाही का? तो गेल्यावर लोक म्हणाले, समाधानी माणूस, मानानं जगला. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि प्रत्येक वेळी ते मला टोचायचं. एका कपभर कच्च्या चहानं मी बापाला त्या धुळीत परत बसवलं, असं मला तेव्हा वाटे आणि आजही वाटतं. त्याचा मान खरा होता की मी अर्धवट ठेवलेल्या गोष्टीतून आलेला, ह्याचा निवाडा मला करता आलेला नाही. पुष्कळदा त्याच्या फोटोपुढे उभी राहून मी उरलेली गोष्ट मनात सांगून पाहिली आहे. शेवटच्या वाक्याशी आले की माझं तोंड बंद होतं.

माय आता माझ्याकडेच असते. ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत. परवा दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मधेच तिनं विचारलं, "इंदे, सर त्या दिशी पुढं काय सांगनार व्हते गं?"

"कोणत्या दिवशी?" मी म्हटलं. कोणत्या ते मला पक्कं ठाऊक होतं.

"तू माज्या हातातून चहा नेला त्या दिशी. उकळी बी फुटली न्हवती. म्या तवाच वळखलं, पोरीला पुढचं म्हाईत हाये, आन ते तिला बाला ऐकू द्याचं न्हाई."

मी हातातली पाकळी खाली ठेवली. एवढी वर्षं तिला माहीत होतं. मग मी सगळं सांगितलं. कापड टेबलावरून गेलं, विणणारे गेले, नाव तेवढं राहिलं. सर बाला उठवायला ते सांगणार होते आणि मी सांगू दिलं नाही. माझ्यामुळे बा खड्ड्यात बसला, माझ्यामुळे त्याची छाती गेली. सांगता सांगता मी रडायला लागले. ह्या वयात, लसणाच्या हातांनी डोळे पुसत.

मायनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "बाला न्हाई सांगितलं ते एक बराबर. त्यायचं त्वांड म्याबी पाह्यलं व्हतं. म्याबी दाराआड गपच बसले."

मला वाटलं, सुटले. तिनं सालपटं गोळा करून सुपात टाकली.

"पन गुर्जी गेल्यावर मला तरी सांगायचं," ती म्हणाली. "म्या भांडले असते त्यायच्याशी. रोज भांडले असते. माज्याकडं बोलायला कायबी न्हवतं गं. ते म्हनायचे, साता समुद्रापलीकडं आपलं नाव हाये. त्याच्यापुढं म्या काय बोलनार व्हते? सूत काढत बसले." मग तिनं विचारलं, "मला काहून न्हाई सांगितलं, इंदे?"

मी उत्तर शोधलं. बाला का सांगितलं नाही, ह्याची उत्तरं माझ्याकडे ढीगभर होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. ह्या प्रश्नाचं एकही नव्हतं. मायला सांगावं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.